‘अजून’ आणि ‘नको’

जूनमध्ये तो पहिल्यांदा अंगणवाडीत आला तेव्हा त्याच्या एका हातात आजीचा पदर होता आणि दुसऱ्या हातात पुढचं चाक निघालेला लाल ट्रॅक्टर. मी खाली बसून विचारलं, "नाव काय रे तुझं?" त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, ट्रॅक्टर वर करून दाखवला आणि परत पदराआड झाला. नाव आजीनं सांगितलं. वय साडेतीन, हेही आजीनंच. काय खायला आवडतं विचारलं, तर त्याचंही उत्तर आजीच देऊन मोकळी झाली.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. मोठा झाल्यावर आपली गोष्ट कुणाला सांगायची ते त्याचं त्यानं ठरवावं.

मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. एकोणीस वर्षं झाली. एक खोली, पुढं पत्र्याचा व्हरांडा, पटावर २६ मुलं आणि सोबतीला मदतनीस, जिला सगळी मुलं मावशी म्हणतात. इतक्या वर्षांत उशिरा बोलणारी मुलं मी पाहिली होती. काही आपली आपण बोलायला लागली, काही पहिलीत गेली आणि पुढं त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. ते न विचारणं आता मला बोचतं.

पहिले दोन महिने आम्ही त्याच्याशी जे केलं ते आधी सांगते, कारण असं अजूनही पुष्कळ ठिकाणी चालतं. आम्ही त्याला ‘बोलायला’ लावत होतो. मावशी बिस्किट हातात वर धरायची, "आधी बिस्किट म्हण, मग देते." मी गोष्ट सांगताना मध्येच त्याच्याकडे वळून म्हणायची, "हा कोण? सांग बघू. हत्ती म्हण. ह-त्ती." बाकीची मुलंही शिकली. ती त्याच्याभोवती कोंडाळं करून "बोल की! बोल की!" करायची. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण ऑगस्टच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की तो ट्रॅक्टर दाखवायचा बंद झालाय. आला की खिडकीखाली भिंतीला टेकून बसायचा, ट्रॅक्टर मांडीवर उलटा. आला तेव्हा त्याच्याकडे शब्द नव्हते, पण सांगायची हौस होती. ती हौस आम्ही दोन महिन्यांत घालवली होती.

आजीचं म्हणणं वेगळंच. "बाई, तुमी उगं काळजी करताय. ह्येचा मामा बी पाच वर्साचा हुईस्तोवर मुकाच हुता. मग असा बोलाया लागला की थांबंना." वेखंड उगाळून जिभेला लावून झालं होतं. देवळात घंटा वाहायचा नवस बोलून झाला होता. शेजारच्या गावात कुणीतरी जिभेखालची शीर कापून देतो म्हणे, तिकडं न्यायचाही विचार चालला होता. तेवढं मात्र मी हात जोडून थांबवलं. त्याची जीभ बाहेर येत होती, आइस्क्रीमची काडी तो चाटून साफ करायचा. अडचण जिभेत नव्हती, एवढं मलाही दिसत होतं.

माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या वयात मूल काय करतं याची चित्रं असतात. वर्षाच्या आसपास एखाददुसरा शब्द, दोन वर्षांचं होईस्तोवर दोन शब्द जोडून बोलणं. मी हे कार्ड शेकडो आयांना समजावून सांगितलं आहे. एका रात्री त्याचं कार्ड घेऊन बसले आणि एकेक खूण तपासली. चालणं, धावणं, चमच्यानं खाणं, सगळं वेळेवर. बोलण्याच्या रकान्यात आईनं ‘आई’ एवढा एकच शब्द सांगितला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलांची तपासणी करणारं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पथक येऊन गेलं त्या दिवशी तो आईबरोबर शेतात होता, आणि गैरहजर मुलांची यादी करून मागे लागायचं माझं काम मी केलं नव्हतं. पथकातल्या डॉक्टरांना मी फोन केला. त्यांनी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी, म्हणजे वाढीत मागं पडणाऱ्या मुलांची तपासणी आणि उपचार होतात तिथली, चिठ्ठी दिली आणि सांगितलं, बोलण्याचं नंतर बघू, आधी कान.

कानाच्या तपासणीचा दिवस मी विसरणार नाही. ‘बेरा’ नावाची तपासणी असते. डोक्याला आणि कानामागं छोट्या पट्ट्या चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते यंत्रावर बघतात. मुलाला काही सांगावं लागत नाही, म्हणून लहान मुलांसाठी ती फार उपयोगाची. पण मूल गाढ झोपलेलं हवं. त्यामुळं आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका, असं सांगितलेलं. सव्वा तासाचा एसटीचा प्रवास. गाडी हलायला लागली की त्याचे डोळे मिटायचे. आई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, दोघी त्याला जागं ठेवतोय. शेवटी मी खिडकीबाहेर बोट करून ट्रॅक्टर दाखवायला लागले. एक ट्रॅक्टर, दुसरा ट्रॅक्टर, ट्रॉलीवाला, बिनट्रॉलीचा. सातव्या की आठव्या ट्रॅक्टरला त्यानं माझा हात धरून खिडकीकडे वळवला आणि घशातून आवाज काढला, "ढुगू."

आई म्हणाली, "ट्रॅक्टरला तसंच म्हणतोय त्यो."

म्हणजे त्याच्याकडे शब्द होता. दोन महिने रोज तो माझ्यासमोर होता आणि हे मला माहीत नव्हतं.

कान उत्तम निघाले. मग वाचा-उपचार करणाऱ्या ताईंकडे पाठवलं. मला वाटलं होतं, त्या त्याला अक्षरं म्हणायला लावतील. त्या सतरंजीवर बसल्या, एक डबा त्याच्यापुढं ठेवला आणि गप्प राहिल्या. बराच वेळ. मलाच अवघडल्यासारखं झालं. त्यानं डबा हलवला, झाकण ओढलं, निघेना. त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी भुवया उंचावल्या, पण हात पुढं केला नाही. मग त्यानं डबा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. तेव्हा त्या म्हणाल्या, "उघडू? उघडूया." आणि उघडला. मला म्हणाल्या, "हे त्याचं बोलणंच आहे. तोंडानं नाही एवढंच." त्याला समजतं पुष्कळ, खेळतो छान, दाखवतो, मागतो. भाषा यायला उशीर होतोय. पुढं त्याला काय नाव द्यायचं ते दर काही महिन्यांनी तपासून ठरेल, पण कामाला आजच लागायचं. आईला घरी करायच्या चार गोष्टी सांगितल्या आणि मला एकच: तुमच्या वर्गाचं २० मिनिटं रेकॉर्डिंग करा आणि एकटीनं ऐका.

मी ते केलं. विषय होता ‘पाणी’. मोबाइल फळीवर ठेवला होता. घरी भाकरी झाल्यावर ओट्याशी उभी राहून ऐकलं. २० मिनिटांत मी ४३ प्रश्न विचारले होते. "पाणी कुठून येतं? विहिरीतून. अजून कुठून? नळातून, बरोबर? पाण्याचा रंग कसा असतो?" बहुतेक प्रश्नांची उत्तरं मीच दिली होती. मुलांना मी दोन सेकंदही देत नव्हते. बोलकी चार-पाच मुलं तेवढ्यात उत्तर फेकायची आणि माझा समज व्हायचा की वर्ग बोलतोय. बाकी वीस मुलांचा आवाज त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. आणि मी पाठनियोजनाच्या वहीत लिहिलं होतं, ‘मुले पाण्याचे उपयोग सांगतील.’

तिथून माझं नियोजन बदललं. तेव्हा आम्हाला ‘आकार’ अभ्यासक्रम होता, विषय ठरलेले असायचे, आणि तो चांगलाच होता. बदलायला हवी होती माझी वही. आधी मी रकाने आखायची ते असे: वेळ, कृती, साहित्य, उद्दिष्ट. आता आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘मूल कसं सांगेल?’ त्याखाली चार ओळी. कुणी बोट दाखवून किंवा वस्तू आणून देऊन. कुणी चित्रावर हात ठेवून. कुणी एका शब्दानं. कुणी पूर्ण वाक्यानं. कृती सगळ्यांना एकच, सांगायच्या वाटा चार. एखाद्या कृतीत पहिल्या दोन ओळी भरताच येत नसतील, तर ती कृती मी बदलते.

पाण्याचाच आठवडा पुन्हा आखला, तो असा. सोमवारी व्हरांड्यात दोन घमेली, तांबे, चाळणी, नारळाच्या करवंट्या, गळका डबा. मी प्रश्न विचारायचे नाहीत, मुलाच्या शेजारी बसून तो जे करतोय तेच शब्दांत म्हणायचं. "ओतलं. गळलं. सगळं गळलं!" मंगळवारी रंगीत पाणी, पण बाटल्यांची झाकणं मुद्दाम घट्ट. उघडून घ्यायला माझ्याकडे यावं लागेल. बुधवारी भिंतीवर पाण्यानं चित्रं काढायची, सगळ्यांना पाणी दिलं आणि ब्रश द्यायचे ‘विसरले’. सहा-सात मुलं एकदम ओरडली, दोघं माझा पदर ओढायला आली, आणि तो उठून कपाटापाशी गेला आणि कपाटावर थाप मारली. मी मनात दहापर्यंत मोजत होते. हे मोजणं मला फार कठीण गेलं. चारपर्यंत मोजेस्तोवरच आपल्या तोंडातून शब्द बाहेर यायला बघतो. पण दहापर्यंत थांबलं की काही ना काही येतं. नजर येते, हात येतो, आवाज येतो. मी म्हणाले, "ब्रश. ब्रश हवा," आणि काढून दिला. ‘ब्रश म्हण’ असं म्हटलं नाही.

इथं एक गोष्ट मात्र मला ठामपणे सांगायची आहे. वस्तू मुद्दाम अडवून ठेवण्याची युक्ती खेळापुरतीच. पिण्याचं पाणी, ताटातलं अन्न, शूला जाणं, आईकडे जाणं, यांवर कधीच जकात लावायची नाही. तहानलेल्या मुलानं आधी शब्द काढावा आणि मग त्याला पाणी मिळावं, हे मला क्रूर वाटतं. बिस्किट वर धरणं त्या आठवड्यात आमच्याकडे कायमचं बंद झालं.

मग चित्रं. ताईंनी सांगितलं होतं की सहा पुरेत. छापील तक्त्यातलं पाणी म्हणजे काचेचा ग्लास असतो, आमच्याकडे स्टीलचं पिंप आणि ओगराळं. म्हणून मीच मोबाइलवर फोटो काढले: आमचं पिंप, आमची खिचडीची थाळी, बाहेरचा झोका, संडासाचं निळं दार. उरलेली दोन, ‘अजून’ आणि ‘नको’. त्यांचा फोटो कसा काढणार? ‘अजून’साठी ओंजळ पुढं केलेले मावशीचे हात घेतले. ‘नको’साठी आडवा धरलेला तळवा. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रती काढून लॅमिनेट केल्या, शिंप्याकडून वेलक्रोची पट्टी आणली आणि मुलांच्या उंचीला भिंतीवर लावली. मोठ्या माणसाच्या नजरेला ती पट्टी फार खाली वाटते. एक पर्यवेक्षिका आल्या तेव्हा म्हणाल्या, "एवढ्या खाली का लावलीत?" मी त्यांना खाली बसायला सांगितलं. बसल्या, आणि मग काही बोलल्या नाहीत.

आजी मात्र चिडल्या. "चित्रं दावून मागायला लागला तर बोलंल कशाला?" भीती खरी होती, माझ्याही मनात होती. ताईंनी समजावलं की चित्रं बोलण्याची जागा घेत नाहीत. आपलं म्हणणं पोचतंय हे मुलाला कळलं की शब्दांची वाटही मोकळी होते, आणि चित्र वापरताना आपण तो शब्द दर वेळी म्हणतोच, तेवढा तो कानावर पडतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं मोफत ॲप आहे, त्यात चित्रावर बोट ठेवलं की मराठीत शब्द ऐकू येतो. तेही त्यांनी वडिलांच्या फोनवर घालून दिलं. पण फोन दिवसभर वडिलांबरोबर. भिंतीवरची पट्टी कायम जागेवर. आमच्याकडे पट्टीच चालली.

गाण्यांचा उपयोग मला आधी कळला नव्हता. मी स्वतः जुळवलेलं एक गाणं आमच्याकडे रोज होतं:

आली आली माऊ
तिला काय देऊ?
दूध देऊ, भात देऊ
बसून सगळं खाऊ!

महिनाभर ते तसंच म्हटलं. पाठ झाल्यावर शेवटचा शब्द मी गाळायला लागले. "बसून सगळं..." आणि थांबायचं, त्याच्याकडे बघायचं. बाकीच्या मुलांनाही ओठांवर बोट ठेवून थांबवायचं. आठवडाभर तो नुसता हसला. मग एक दिवस तोंडाचा ‘खा’ केला, आवाज नाही. मग आवाज आला. गाण्यात पुढचा शब्द कोणता ते आधीच ठरलेलं असतं. शोधायचा नसतो, फक्त सोडायचा असतो. मला वाटतं म्हणूनच तो तिथं सापडला.

हे सगळं त्याच्यासाठी चाललं होतं, पण वही बदलल्यावर मला इतर मुलंही वेगळी दिसायला लागली. एक मुलगी होती, तिला मी ‘हट्टी’ म्हणत आले होते. हाक मारली तर येत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, गोष्टीच्या वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसते. पावसाळ्यात तिचा कान वाहायचा. घरचे म्हणायचे, कान फुटलाय, होईल बरा. मी नोंद ठेवायला लागले, ती कधी ‘हट्टी’ असते. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की असते. मावशी भांडी घासत असेल तर असते. खोलीत शांतता असेल आणि मी समोर असेन तेव्हा नसते. कान, नाक, घशाच्या डॉक्टरांनी तपासलं, औषध चाललं, अजूनही दर काही आठवड्यांनी दाखवावं लागतं. मला करता आलं ते एवढंच: तिची जागा माझ्यासमोर आणली, आधी खांद्याला हात लावून मग बोलायला लागले, आणि पावसाच्या दिवशी गोष्ट सांगणं सोडून मातीकाम घेतलं. ती हट्टी नव्हती. हा शब्द मी तिच्या आईला दोन-तीनदा ऐकवला होता, तो परत घ्यायला मी तिच्या घरी गेले.

नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या आणि तिथली मुलं अंगणवाडीत यायला लागली. त्यांत चार वर्षांची एक मुलगी, लमाण तांड्यावरची. तीन आठवडे एक शब्द नाही. माझ्या डोळ्यांपुढं लगेच तोच मुलगा, तीच चिठ्ठी, तीच एसटी. आणि मी आणखी एक चूक केली. तिच्या आईला सांगितलं, "घरात मराठीच बोलत जा तिच्याशी." ती बाई पहाटे फडात जाणारी, मराठी तिला कामापुरतं येतं. ती मान हलवून गेली. ताईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आधी बघा ती तिच्या भाषेत बोलते का. बोलण्याचाच त्रास असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो.

प्रशिक्षणात आम्हाला बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांबद्दल सांगतात. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेलं काम, पुढं कोसबाडला आदिवासी पाड्यांवर मुलं शाळेत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. परीक्षेपुरतं ते पाठ केलं होतं. त्या संध्याकाळी कोप्यांकडे चालत जाताना ते नव्यानं आठवलं. ती मुलगी कोपीपुढं उसाच्या वाढ्यांच्या ढिगावर बसून धाकट्या भावाला मांडीवर हलवत होती आणि अखंड बोलत होती. गोरमाटीतून, म्हणजे लमाणांच्या बोलीतून. गोष्ट सांगत असावी, कारण मध्येच आवाज जाड काढायची, मध्येच हात पसरायची. तिच्याकडे भाषा भरपूर होती. माझ्या खोलीत ती चालत नव्हती, एवढंच.

तिच्या आईची मी माफी मागितली आणि म्हणाले, "तुमच्या बोलीतच बोला तिच्याशी, पोटभर बोला. मराठीचं आम्ही बघतो." मग तिच्याकडून शब्द घेतले. आईला याडी, भाकरीला बाटी. भातुकलीच्या कोपऱ्यात मी बाहुली उचलून म्हणाले, "याडी बाटी करते." ती इतकी चमकून माझ्याकडे बघत राहिली! मग पुढं येऊन माझा उच्चार दुरुस्त केला. आमच्या खोलीतलं तिचं पहिलं बोलणं ते. पुढच्या आठवड्यात वर्गातली सगळीच मुलं भातुकलीत बाटी भाजत होती.

अडखळत बोलणारा एक मोठा मुलगाही होता, साडेपाच वर्षांचा. "म-म-मला" असं व्हायचं आणि वडील म्हणायचे, "दमानं बोल, नीट बोल." प्रेमानंच म्हणायचे, पण मुलगा आणखी अडकायचा. त्याच्यासाठी वर्गात दोनच नियम केले: त्याचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, आणि मी स्वतः सावकाश बोलायचं. सगळ्यांबरोबर गाताना तो कधीच अडखळत नाही, म्हणून प्रार्थनेची सुरुवात त्याच्याकडे दिली. लहानपणीचं अडखळणं पुष्कळ मुलांत आपोआप जातं. पण त्याचं सहा महिन्यांच्या वर चाललं होतं आणि काकांनाही तोच त्रास, म्हणून त्यालाही चिठ्ठी दिली. उपचार चालू आहेत.

एवढं सगळं २६ मुलांत कसं जमतं, असं मला आजूबाजूच्या सेविका विचारतात. त्यांचं बरोबर आहे. वजनं, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, गृहभेटी, आहार, लसीकरणाचा दिवस, आणि यात पूर्वशाळेला उरतात ते दोन-तीन तास. २०२३ साली दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीचा वेगळा प्रोटोकॉल आला. लवकर ओळखा, सामावून घ्या, आशाताई आणि आरोग्य पथकामार्फत पुढं पाठवा. कागद चांगला आहे, पण सामावून घ्यायला माणूस लागतं, आणि खोलीत आम्ही दोघीच. वेगळा तास काढून एका मुलाला शिकवणं मला आजवर जमलेलं नाही. जमतं ते दिवसात आधीच असलेल्या गोष्टींत घालणं. हात धुताना, ताट वाढताना, चपला घालताना. मावशीला मी कधी प्रशिक्षण दिलं नाही, पण वाढताना ती आता हात थांबवून मुलाकडे बघते. दिवसातला सगळ्यात चांगला भाषेचा तास मला विचाराल तर जेवणाचा आहे, आणि तो मावशी घेते.

जानेवारीत त्या तासालाच ते घडलं. मटकीची उसळ होती. त्याचं ताट अर्धं झालं होतं. मावशीनं ओगराळं पुढं केलं, थांबली, त्याच्याकडे बघितलं. त्यानं भिंतीकडे, ‘नको’च्या चित्राकडे बघितलं. चित्र लांब होतं. मग तळहात आडवा धरला आणि म्हणाला, "नतो."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोललं गं माझं लेकरू!" म्हणत आनंदाच्या भरात तिनं डावभर उसळ त्याच्या ताटात घातली. मी पटकन पुढं गेले. ती उसळ काढून घेतली आणि त्याला म्हणाले, "नको. तू नको म्हणालास. बरं, नाही देत." मावशीला आधी माझा राग आला. मग कळलं. तो ‘नको’ म्हणाला होता. त्यानंतरही ताटात उसळ पडली असती, तर त्याला वाटलं असतं की शब्द म्हणजे मोठ्यांना खूश करायची गोष्ट. त्यानं काहीतरी सांगितलं होतं आणि ते तसंच व्हायला हवं होतं. त्या दिवसापासून आठवडाभर तो सगळ्यालाच ‘नतो’ म्हणत हिंडला. गाण्याला, रंगाला, घरी जायलाही. आम्ही शक्य तेवढं सगळं ऐकलं. दहा-बारा दिवसांनी झोक्यावर ‘अदून’ आलं.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरून टोळी निघाली तेव्हा ती मुलगी सामानावर बसली होती. तिची माहिती मी एका कागदावर लिहून आईकडे दिली, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत दाखवता येईल: मराठी समजतं, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलते, घरी गोरमाटी भरपूर बोलते, बोलण्याचा कोणताही आजार नाही. शेवटच्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली. तो कागद कुठं पोचला ते मला कळलं नाही.

तो मुलगा आणखी सव्वा वर्ष माझ्याकडे होता. सहा चित्रांची चौतीस झाली, मग हळूहळू कमी व्हायला लागली, कारण एकेक शब्द तोंडात बसला की तो स्वतःच ते चित्र काढून मला आणून द्यायचा. सांगलीच्या फेऱ्या महिन्याला एक अशा चालू राहिल्या. आता तो दोन-तीन शब्द जोडतो. "बाई, ढुगू आला." अनोळखी माणसाला त्यातलं निम्मं कळत नाही. ‘क’ आणि ‘ज’ अजून नीट नाहीत. आजी घंटा वाहून आल्या, आणि प्रसाद द्यायला माझ्याकडे आल्या तेव्हा वेलक्रोच्या पट्टीवरही त्यांनी हळदकुंकू लावलं.

गेल्या जूनमध्ये तो शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत गेला. पहिलीच्या बाई आदल्या आठवड्यात स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, "त्याला काय काय येतं ते लिहून द्या." मी वही काढली आणि त्याचे सगळे शब्द लिहिले, तो म्हणतो तसे डावीकडे आणि त्यांचे अर्थ उजवीकडे. ढुगू, ट्रॅक्टर. नतो, नको. अदून, अजून. पापी, पाणी. मावची, मावशी. अशी तीन पानं भरली. शेवटी ‘तिबा’ लिहिलं. हा शब्द तो खिडकीखालच्या त्याच्या जुन्या जागेकडे बघून म्हणतो, नेहमी हसत. आईला विचारलं, आजीला विचारलं, कुणालाच माहीत नाही. मी त्याच्यापुढची जागा मोकळी सोडली आणि बाईंना म्हणाले, तुम्हाला कळलं तर मला येऊन सांगा.